चार खुंट्यांचा टॉवर

“जरा वळसा घालून या, बाई.”

त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं हे पहिलं वाक्य. समोर नुसती मोकळी जागा होती. पंधरा पावलं लांब, पंधरा पावलं रुंद. चार कोपऱ्यांत लोखंडी खुंट्या, त्यांची डोकी लाल रंगवलेली. आत गुडघाभर गवत. आणि साठी ओलांडलेला, खाकी कोट घातलेला हा माणूस उजवा हात फाटकासारखा आडवा धरून मला अडवत होता.

“काय आहे तिथं?” मी विचारलं.

“टॉवर.”

मी हसले. ते हसले नाहीत. हँडपंपावर तिघी बायका होत्या, त्याही हसल्या नाहीत.

मी नायगावची. आम्ही पाचसहा जण मिळून पत्रकं काढतो, अर्ज करतो, कचेरीच्या पायऱ्यांवर ठाण मांडतो. त्या वर्षी विषय होता डोंगरातल्या वाड्या-तांड्यांचा फोन. जगाचं रेशन, हजेरी, पीकविमा, पोरांचे फॉर्म सगळं मोबाईलवर नेऊन ठेवलं आणि मोबाईल चालायची सोय मात्र डोंगराच्या पायथ्याशीच थांबवली. याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा, मी म्हणायचं ते पत्रकात म्हटलेलं आहे. माहिती अधिकारात काढलेल्या यादीत या वाडीच्या नावापुढं ‘टॉवर कार्यान्वित’ असं लिहिलेलं होतं. म्हणून मी बाजाराच्या गावातून जीप धरून, पुढं तासभर चढून तिथं गेले होते. पिशवीत दोनशे पत्रकं होती. मथळा होता, ‘टॉवर कुठं आहे?’

उत्तर पहिल्याच माणसानं दिलं.

वाडीचं नाव मी लिहिणार नाही, तालुकाही सांगणार नाही. त्यांना सगळे मामा म्हणायचे, मीही म्हणू लागले, तेवढं पुरे. नाव न लिहिण्याचं कारण पुढं कळेल.

मामा गावचे निवृत्त कोतवाल. म्हणजे सरकारी उतरंडीतला सगळ्यात खालचा माणूस. नोटिसा पोचवायच्या, दवंडी द्यायची, साहेब आला की पाणी द्यायचं. तीस वर्षं त्यांनी हे केलं. कोट नोकरीतलाच होता, बटणं तेवढी मामींनी बदललेली. आणि तीस वर्षांत त्यांच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली होती. कुठल्याही वादात ते शांतपणे विचारायचे, “कागदावर हाय नं? मग हाय.”

मी भांडायचे. “मामा, कागद खोटं बोलतो.”

“बोलत न्हाई. कागद म्होरं चालतो, वस्तू मागून येती.”

हे ते उगीच म्हणत नव्हते. वाडीत आमची चार बौद्ध घरं, त्यातलं हे एक. त्यांच्या वडलांच्या नावानं गायरानातली जमीन मंजूर झाली, तेव्हा हातात फक्त कागद आला. जमिनीवर दुसऱ्यांची गुरं चरत होती. बाप-लेक रोज सकाळी त्या जमिनीची हद्द चालून यायचे. लोक टिंगल करायचे, “पाटील, पीक कसं हाय?” हे म्हणायचे, “बरं हाय.” बारा वर्षांनी जमीन ताब्यात आली. अशा माणसाला कागद खोटा असतो हे मी पटवून देणार होते. माझं वय तेव्हा चोवीस.

टॉवरची हकीकत मला मामींनी सांगितली. मामींना दमा होता आणि जीभही होती.

“एक ठेकेदाराचा मानूस आला. चार खुंट्या ठोकल्या आन् म्हनला, काम झाल्याचा कागद झाल्याबिगर सामान सुटत न्हाई. गावात सही कोनाची चालती? ह्यांची. केली ह्यांनी सही. मंग तपासायला दोन सायेब आले. वैशाखाचं ऊन. ह्यांनी काय करावं? पाव्हने हाईत म्हनून नेलं त्यांला रेंजच्या दगडावर!”

रेंजचा दगड म्हणजे वाडीच्या वर वीस मिनिटांच्या चढावर एक मोठा सपाट खडक आहे. बाजूला लिंबाचं झाड, दिवसभर वारं. अख्ख्या वाडीत बसायला त्याहून चांगली जागा नाही. दरीपलीकडच्या दुसऱ्या कुठल्या तरी टॉवरची रेंज तिथं, फक्त तिथं येते. मामांनी पाहुण्यांना चांगल्यात चांगल्या जागी नेलं, शेळीच्या दुधाचा चहा दिला. साहेबांनी फोन काढला. कांड्या पूर्ण. साहेबांनी तिथंच बसून लिहिलं, टॉवर चालू आहे. साक्षीदार म्हणून मामांनी पुन्हा सही केली.

“टॉवर कुठं आहे, हे नाही विचारलं त्यांनी?” मी ओरडलेच.

“विचारलं की,” मामा म्हणाले. “मी दगडावरून हात केला. त्यो तिथं. त्यांनी डोळ्यावर हात धरून पाह्यलं आन् मान हालवली.”

“त्यांना दिसला?”

“आता ते शिकलेले लोक, बाई.”

यात चेष्टा किती होती हे मला आजही सांगता येत नाही. त्या दिवसापासून त्या चार खुंट्यांच्या आत कुणी पाय ठेवला नव्हता. सुरुवातीला गंमत म्हणून लोक वळसा घालायचे. “सरका, टॉवर लागंल,” म्हणायचे. मग गंमत संपली आणि वळसा तेवढा राहिला. घरांपासून खालच्या पायवाटेला जायची सरळ वाट त्या जागेतूनच होती. लोक सरपणाचे भारे डोक्यावर घेऊन लांबून जायचे. शेळ्यासुद्धा खुंट्यांजवळ आल्या की दोन्ही बाजूंनी फुटायच्या आणि पलीकडं पुन्हा एक व्हायच्या. मी तीनदा पाहिलं. शेळ्यांना सवय लागते, त्यात नवल नाही. आत गवत गुडघाभर होतं, आणि शेळ्या ते खात नव्हत्या.

मी विवेकी घरातली मुलगी आहे. आमच्याकडं अंगात येत नाही, नारळ फुटत नाही, कुणाला बाधा होत नाही. म्हणून दुसऱ्या फेरीला मी सगळ्यांच्या देखत चालत आत गेले. मुद्दाम. मधोमध जाऊन उभी राहिले.

हँडपंपाचा आवाज थांबला. कुठंतरी कुणीतरी दळत होतं, तेही थांबलं. एक टिटवी गवतातून उठली, पण ओरडली नाही. आणि मला पायांतून एक बारीक गुणगुण जाणवली, विजेच्या डीपीजवळ उभं राहिल्यावर जाणवते तशी. त्या वाडीत डीपी नाही. वीज दिवसातून चार तास येते, तेव्हाही नव्हती. फोन बघितला, कांडी एकही नाही. मी बाहेर आले, अगदी सावकाश, कारण पळताना दिसणं मला परवडणारं नव्हतं.

मामी तांब्या घेऊन उभ्या होत्या. त्यांनी माझ्या पायांवर पाणी ओतलं.

“हे कशाला?” मी विचारलं.

“उगंच. धूळ हाय.”

पावसाळ्यात मामांनी मला एक अर्ज लिहायला सांगितला. विषय, ‘टॉवरवर वीज पडू नये म्हणून तांब्याची सळई बसवून मिळणेबाबत.’ मी कागद फाडला आणि त्यांच्यावर बरीच बोलले. ते ऐकून घेऊन म्हणाले, “बरं. ऱ्हाऊ द्या मंग.” पंधरा दिवसांनी वीज पडली. वर दगडाजवळ एवढं उंच लिंबाचं झाड, खाली विहारावर झेंड्याचा लोखंडी खांब. दोन्ही सोडून वीज पडली ती त्या मोकळ्या जागेत. मधोमध ताटाएवढं गवत जळालं होतं. वीज कुठंही पडते. मी आता शाळेत शिकवते, मुलांना हेच सांगते.

मामा जळलेल्या जागेकडं बघत मला एवढंच म्हणाले, “अर्ज द्यायला पायजे व्हता.”

तोवर मला कचेरीतून एक गोष्ट कळली होती. वाडीला खरा टॉवर हवा असेल तर आधी यादीतून ‘कार्यान्वित’ हा शब्द निघायला हवा. आणि तो निघायचा तर ज्यानं साक्षीदार म्हणून सही केली त्यानंच लिहून द्यायला हवं की इथं टॉवर नाही. म्हणजे मामांनी.

“म्हंजी मी खोटी सही केली म्हनावं?” त्यांनी विचारलं. आवाज चढला नव्हता, पण हातातली बिडी खाली ठेवली होती. “तीस वर्सं नोटिसा वाटल्या. कोनाच्या दाराला न जाता घरी बसून कवा सही केली न्हाई. मेलेल्याच्या नावचा कागद आला तर त्याच्या मातीपाशी जाऊन वाचून दाखवला. आन् आता म्हनू, माझी सही लबाड हाय?”

“मामा, सगळ्या वाडीचा फोन अडलाय तुमच्या सहीपायी.”

“ठिवा, ठिवा सही उराशी,” आतून मामी म्हणाल्या. “गाव मुकं ऱ्हाऊ द्या.”

ते उठून गेले. पुढचे दोन महिने मी त्यांच्या मागं होते आणि ते नाही म्हणत होते. माणसाचा मान आणि माणसाची गरज एकमेकांसमोर उभी करायची आणि मग बाजूला होऊन मजा बघायची, हे व्यवस्थेला फार छान जमतं. पण हे वाक्य मी त्यांच्यासमोर बोलले नाही. ते माझ्याकडं बघून म्हणाले असते, “हे कोनत्या कागदावर हाय?”

मग एका दुपारी मामींचा दमा उसळला. शेजारच्या माणसानं दगडाकडं धाव घेतली. वीस मिनिटं चढ, मग फोन लागेपर्यंतचा वेळ, मग खाली सडकेपर्यंत बाजेवरून नेणं. मामी वाचल्या. त्यांचे ओठ निळे झालेले मामांनी सगळ्या वाटेभर बघितले होते. मी दवाखान्यात पोचले तेव्हा ते बाहेरच्या बाकावर बसले होते, कोटाची सगळी बटणं लावून.

“कागद बदलावा लागंल, माय,” ते म्हणाले. त्यांनी मला माय म्हटलेलं ते पहिल्यांदाच.

“उद्याच लिहू.”

“उद्या न्हाई. आधी टॉवर खाली घ्यावा लागंल.”

मला वाटलं, थकव्यानं बोलताहेत. पण मामी घरी आल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी दवंडी दिली. निवृत्त झाल्यावर पहिल्यांदाच. डफडं घेऊन सगळ्या घरांवरून फिरले. “ऐका हो ऐका! उद्या उन्हं कलल्यावर टॉवर खाली घ्यायचा हाय. गुरं-लेकरं बांधून ठिवावी. कोनी सावलीत थांबू नये.”

सावलीत! कसल्या सावलीत? पण दुसऱ्या दिवशी शेळ्या बांधलेल्या होत्या आणि माणसं लांब, अर्धगोल करून उभी होती. कुणी हसत नव्हतं. एक म्हातारी शेजारणीला म्हणाली, “दखनेकडं पडंल काय गं?” दुसरी म्हणाली, “तिकडं माझं वाळवण हाय,” आणि खरंच जाऊन वाळवण उचलून आली.

मामांनी पहिली खुंटी हलवून हलवून काढली. मग दुसरी. तिसरी निघेना, तिच्यावर पाणी ओतलं. प्रत्येक वेळी ते वर बघायचे, अंदाज घ्यायचे. चौथ्या खुंटीला हात घातला आणि त्यांनी हाक दिली, “सरका! म्हागं सरका!”

सगळे मागं सरकले. मीही सरकले. हे मला कुणी विचारलं असतं तर मी सांगितलं नसतं, पण हा लेख मी खरं सांगायचं म्हणून लिहितेय. मी चार पावलं मागं सरकले, आणि हात डोक्यावर घेतला.

खुंटी निघाली. तोंडावर वाऱ्याचा एक झोत आला, धुळीचा, एवढंच. टिटवी ओरडत दरीकडं गेली. आणि काहीतरी थांबलं. ती गुणगुण मी त्या एकाच वेळी ऐकली असं समजत होते, पण ती सगळा वेळ होती. थांबली तेव्हा कळलं.

मामांनी तोंड पुसलं. “आता लिही.”

मी पिशवीवर कागद धरला.

“हितं टॉवर व्हता. गावासमक्ष मी सोता खाली घेतला. आता न्हाई.”

“मामा, ‘होता’ कसं लिहू? नव्हता!”

“मंग सही न्हाई.”

मी लिहिलं. एवढी पत्रकं लिहिली, पण इतका हात जड कधी झाला नव्हता.

त्याचं पुढं काय झालं ते ऐका. कचेरीतून नोटीस निघाली, मामांच्याच नावानं. शासकीय मालमत्ता पाडल्याबद्दल खुलासा करावा. नोटीस घेऊन नवा कोतवाल आला. तो मामांच्याच हाताखाली शिकलेला, दारात उभा राहून पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होता.

“वाचून दाखव,” मामा म्हणाले. “नियम हाय.”

त्यानं वाचली. मामांनी पोच म्हणून सही केली आणि त्याला चहा पाजला.

सुनावणीला मी सोबत गेले. पंख्याखाली साहेब होते, फायलीवर त्यांच्याच खात्याच्या माणसांच्या सह्या होत्या.

“टॉवर तुम्ही पाडला?”

“हाव, सायेब.”

“एकट्यानं?”

“खुंट्या मी काढल्या. लोक म्हागं हुबे व्हते.”

“मग त्याचं लोखंड, केबल, मशीन? सामान कुठं गेलं सगळं?”

मामांनी विचार केला. खरंच विचार केला. “ज्यांचं व्हतं त्यांनी नेलं आसंल, सायेब.”

साहेबांनी पेन खाली ठेवलं. खोलीतल्या कारकुनांनी माना खाली घातल्या. त्या खोलीत प्रत्येकाला माहीत होतं. पण टॉवर नव्हता असं म्हणायचं तर आपल्याच माणसांनी खोटं लिहिलं असं म्हणावं लागलं असतं. मी बोलायला उठले होते. माझ्याकडं सगळे आकडे, सगळे कागद होते. मामांनी माझ्या मनगटावर हात ठेवला, गार हात, आणि मी बसले. आयुष्यात कचेरीत मी गप्प बसलेली ती एकच वेळ.

साहेबांनी लिहिलं की टॉवर नष्ट झाला आहे, वयाचा विचार करून समज देण्यात येत आहे, आणि सदर ठिकाणी नवीन टॉवर उभारणं आवश्यक आहे.

आम्ही जिंकलो. आता कळलं ना मी नाव का लिहीत नाही? या सगळ्यात खरं काय ते जाहीर केलं असतं, तर मंजुरी रद्द झाली असती. ते पत्रक मी लिहून ठेवलंय, छापलं नाही.

सामान यायला आठ महिने लागले. मामांना तेवढे मिळाले नाहीत. हिवाळ्यात एका दुपारी त्यांच्या छातीत कळ आली. एक जण दगडाकडं पळाला, चौघांनी बाज उचलली. मामी मागून चालत होत्या. त्यांनी मला सांगितलं की सरळ वाट मोकळी होती, खुंट्या कधीच्या निघाल्या होत्या, तरी बाज उचललेले चौघं त्या जागेला वळसा घालून गेले. कुणी ठरवलं नव्हतं. दुसऱ्या वळणावर मामा गेले. वर दगडावरचा माणूस तेव्हा फोनवर वाडीचं नाव तिसऱ्यांदा सांगत होता.

त्यांना फोनअभावी मारलं, असं मी म्हणते. छापील अक्षरात म्हणते.

आज तिथं टॉवर आहे. फोन लागतो, मामी दम लागला की मला घरातून फोन करतात आणि धापा टाकत शिव्या घालतात. फलकावर लिहिलंय, ‘टॉवर पुनर्उभारणी’. म्हणजे आधी एक होता, हे आता कायमचं कागदावर आहे.

पाया खोदायला माणसं आली त्या दिवशी मी तिथंच होते. तेलंगणातली मजुरांची टोळी होती, इथलं कुणाला काही माहीत नव्हतं. डोंगरातली जमीन ती, हातभर मातीखाली काळा पाषाण. पहार लागली की ठिणगी उडावी असा. मुकादमानं चार पायांच्या जागा आखल्या आणि खोदाई सुरू झाली. थोड्याच वेळात तो आमच्याकडं आला, कपाळ पुसत.

“अम्मा, इथं पहिला पाया होता ना?”

मी जाऊन बघितलं. चारही खड्ड्यांत माती भुसभुशीत होती, पुरुषभर खोल, काठ सरळ कापलेले. खुंट्यांच्या जागी नव्हे. आत, जिथं टॉवरचे पाय यावेत, बरोबर तिथं. मी वाकून हात घातला. माती आतून कोमट होती.

“कोणी काढला जुना पाया?” मुकादमानं विचारलं. “लई सफाईनं काढलाय.”

मी तोंड उघडलं, पण मामी आधी बोलल्या. पदर डोक्यावर नीट घेत, गावातल्या बाया नवऱ्याबद्दल बोलतात त्या आवाजात.

“आमच्या मालकानं.”